रोलर की फळ्या

कोसमटोला,
१४ मे

चि. प्रफुल यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. हे की आम्ही दोघे खुशाल आहोत. तुझी खुशाली तू विचारल्याशिवाय कळवत नाहीस, म्हणून विचारते आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. इथला टॉवर तुला माहीत आहे, अर्धं वाक्य जातं आणि अर्धं जंगलात राहतं. शिवाय मला जे हवं आहे ते कागदावर काढून दाखवल्याशिवाय तुला समजायचं नाही. मागच्या पानावर चित्र आहे. ती मासोळी नाही, नाव आहे, हसू नकोस.

गेल्या पावसाळ्यात घाटावर झाडाला बांधलेली गावाची लाकडी नाव पुरात गेली. दोर झाडालाच राहिला. रपटा, म्हणजे नदीतला बुटका पूल, पाण्याखाली होता, त्यामुळे अकरा दिवस ना कोणी पल्याड गेलं ना अल्याड आलं. यंदा तालुक्याहून चौदा फुटांची फायबरची नाव मिळाली आहे. ग्रामसभेत ठरलं की ती घाटावर ठेवायची नाही. आमच्या आरोग्य उपकेंद्राच्या पडवीत ठेवायची आणि लागेल तेव्हा घाटावर न्यायची. मधे पाऊण किलोमीटर दगडांचा रस्ता आहे. त्यासाठी ट्रॉली पाहिजे. तुझे भाऊजी म्हणतात, मेहुणा वेल्डर असताना बाहेर कशाला विचारायचं. अशा ट्रॉल्या दोन तऱ्हेच्या असतात असं कळलं. एकीत नाव रोलरवर बसते, दुसरीत लांब फळ्यांवर. आपल्याला कोणती बरी, ते तू सांग.

आता दुसरी गोष्ट, आणि ही आईला कळता कामा नये. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून जूनअखेर मला माजरीला न्यायचं असं तिनं ठरवलं आहे. डिंक आणून ठेवला असेल. प्रफुल, मी येणार नाही. इथल्या दुसऱ्या सिस्टरची एप्रिलमध्ये बदली झाली आणि तिच्या जागी कोणी आलं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये गावात दोघींची बाळंतपणं आहेत. त्यात पहिली सोमारी. तिचं आधीचं बाळ त्या अकरा दिवसांतच गेलं. मी तिच्याजवळ बसून होते, पण तिला दवाखान्यात न्यायला नाव नव्हती. त्या बाईला यंदा पुन्हा नदीच्या भरवशावर सोडून मी माजरीला डिंकाचे लाडू खात बसू शकत नाही.

माझी तारीख ऑगस्टच्या शेवटी आहे. वेळ आलीच तर त्या नावेत मीही असेन, हे लक्षात ठेवून ट्रॉली कर. भीती वाटते का विचारशील तर हो, वाटते.

आईला नमस्कार सांग, बाकी काही सांगू नकोस. माया आहे ती अशीच असू दे.

तुझी,
रंजीताताई


माजरी,
२६ मे

ती. ताईस शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र मिळालं. आईच्या हातात पडायच्या आत मिळालं, हे माझं नशीब. मी ते ड्युटीच्या डब्याच्या पिशवीत ठेवलं आहे आणि तेव्हापासून डबा स्वतः भरतो. आईला संशय आला आहे की मला कोणी मुलगी आवडते.

ताई, तू मला फार अवघड जागी टाकलंस. ट्रॉली सोपी आहे. आईशी खोटं बोलणं सोपं नाही.

तरी ट्रॉलीचं लिहितो. आमच्या वर्कशॉपचे मालक लियाकतभाई यांनी भद्रावतीकडच्या तलावांवर मासेमारीवाल्यांना अशा चार-पाच ट्रॉल्या करून दिल्या आहेत. त्यांचं मत सरळ आहे, रोलर. ट्रॉली पाण्याच्या काठाला उभी करायची, पट्टा सोडायचा, एका माणसानं धक्का दिला की नाव घरंगळत पाण्यात. चाकं भिजत नाहीत, बेअरिंगमधलं ग्रीस जात नाही. नाव परत चढवायलाही दोन माणसं पुरतात.

माझं मत वेगळं पडतं. रोलरवर नावेचं सगळं वजन आठ-दहा ठिकाणी येतं. तलावाच्या पाळीवर ते चालतं. तुझ्या पाऊण किलोमीटर दगडांवर प्रत्येक धक्क्याला रोलर खालून ठोसा मारणार, आणि फायबर वरून चांगलं दिसतं तोवर आतून तडकलेलं असतं. मग मधल्या धारेत पाणी वर यायला लागलं तर काय? तू पोहायला शिकलेली नाहीस, हे मी विसरलेलो नाही. फळ्यांवर नाव पूर्ण लांबीत टेकून बसते, पाळण्यात निजल्यासारखी. पण फळ्यांची खोड अशी की त्यांवरून नाव सहज सरकत नाही. ट्रॉली पाण्यात इतकी खोल न्यावी लागते की नाव आपोआप तरंगून सुटेल.

तेव्हा मला कळव, घाटाचा उतार किती, खाली चिखल की रेती, ओढणार कोण आणि हाताशी माणसं किती. नक्की आकडा लिही. "होऊन जाईल" असं लिहू नकोस, तुला ती सवय आहे.

मला रात्री स्वप्नात रोलर दिसतात. भाऊजींना नमस्कार. प्रेम ठेव, आणि तब्येत त्याहून जास्त ठेव.

तुझा,
प्रफुल


कोसमटोला,
७ जून

चि. प्रफुल यास आशीर्वाद. वि. वि. तुझ्या प्रश्नांची उत्तरं क्रमानं देते, नाहीतर मास्तरासारखा रागावशील.

घाटाचा उतार बेताचा आहे. वर रेती, खाली चिकणमाती. पाऊस लागला की नदी चराईच्या जागेवर पसरते, तिथं काठाचं पाणी संथ असतं. ओढायला गावात एकच ट्रॅक्टर. पण पुराचे दिवस म्हणजे भाताच्या रोवणीचे दिवस. तेव्हा त्याला चिखलणीची लोखंडी चाकं लावलेली असतात, आणि ती काढून रबरी बसवेपर्यंत अर्धा दिवस जातो. माणसं म्हणशील तर सगळे बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात असतात. घरी राहतात म्हातारे, आजारी आणि आम्ही बाळंतपणाच्या. ग्रामसभेत आम्ही मोजून पाहिलं, ऐन रोवणीत भर दुपारी हाताशी धड माणसं तीन निघाली. त्यातले एक तुझे भाऊजी, तेही शाळेतली मुलं सोडून आले तर.

हे ऐकून तू रोलरकडे वळशील. थांब. मुखरूभाऊंनी त्यांची हेल्यांची जोडी द्यायची कबूल केली आहे. तुला शहरात राहून आठवणार नाही म्हणून सांगते, हेला म्हणजे रेडा. इकडे चिखलात बैलापेक्षा तोच चालतो. बैल पुराचं पाणी पाहून पाय रोवून उभा राहतो. हेल्याला पाण्यात जायला सांगावं लागत नाही. पोटापर्यंत पाण्यात गेले की मागची ट्रॉली बुडणारच आणि नाव तरंगणारच. खोल नेण्याची तुझी अडचण मिटली. सगळ्या सभेला हे पटलं, कोणी एक शब्द काढला नाही. तर फळ्याच कर आणि दांडीला जू अडकवायची सोय ठेव.

मी बरी आहे. उकाडा फार आहे. माझ्या चपला आवळायला लागल्या म्हणून तुझ्या भाऊजींच्या घालून फिरते, पोरं मागून हसतात. सोमारी रोज येऊन पोटावर हात ठेवायला लावते. बाळाचे ठोके ऐकवल्याशिवाय घरी जात नाही.

आई काय म्हणते? पाठीशी राहा, एवढंच मागते.

तुझी,
ताई


माजरी,
१७ जून

चि. सौ. रंजीता हिस आईचे अनेक आशीर्वाद.

प्रफुलचा डबा मी उघडला. मुलीचं पत्र असेल म्हणून उघडला आणि मुलीचंच निघालं, फक्त माझ्या.

मी रागावले आहे हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. तू माझ्यापासून लपवलंस, माझ्या पोरालाही लपवायला लावलंस. तो बिचारा पंधरा दिवस माझ्या तोंडाकडे न पाहता जेवतो आहे. मला वाटलं याला कावीळ झाली.

सोमारीचं वाचलं. तुझं म्हणणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण सिस्टर म्हणून तू गावाची आहेस, तशी माझीही कोणीतरी आहेस की नाही? तुझ्या वेळी मी सातव्या महिन्यात माझ्या आईकडे गेले होते. तिथं काही मोठा डॉक्टर नव्हता. पण रात्री कूस वळवली तरी आई उठून बसायची. बाईला त्या दिवसांत तेवढंच लागतं.

आणखी एक. प्रफुलनं तुझं दुसरं पत्र चारदा वाचलं आणि त्याला त्यात हेले दिसले, फळ्या दिसल्या. मला चपला दिसल्या. उन्हाळ्यात पायाला सूज येते हे मला सांगू नकोस, मीही दोन पोरं काढली आहेत. तू दुसऱ्या बायांचं बीपी रोज मोजतेस. तुझं कोण मोजतं? आकडा लिही. तुझा भाऊ मागतो तसा नक्की आकडा.

तीस तारखेपर्यंत तू इथं आली पाहिजेस. नाही आलीस तर पुढं काय करायचं ते मी ठरवलं आहे. जावईबापूंना सांग, मी त्यांच्यावरही रागावले आहे, पण त्यांना ते जाणवू देणार नाही.

तुझी काळजी करणारी,
आई


माजरी,
२९ जून

ती. ताईस सा. न. वि. वि. हे पत्र ट्रॉलीसोबत येत आहे. ट्रॉली लियाकतभाईंच्या पिकअपमध्ये आहे आणि पुढच्या सीटवर आई आहे. तू आईला "बीपी ठीक आहे" एवढंच लिहिलंस, आकडा लिहिला नाहीस, तेव्हाच तिनं पेटी काढली. डिंक, खारीक, गोडेतेल, बाळाची दुपटी, सगळं घेऊन निघाली आहे. लेक माहेरी येत नाही तर आईनं कुठं जायचं ते आईनं ठरवायचं, असं मला ऐकवून गेली. मी अडवलं नाही. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

ट्रॉलीचं ऐक. फळ्या सागाच्या आहेत. त्यावर कोळसा वाहायच्या जुन्या पट्ट्याचं रबर ठोकलं आहे, दगडांवर नाव इंचभर हलायची नाही. पुढचा पट्टा ट्रॉली पाण्यात गेल्याशिवाय सोडायचा नाही. दर चार दिवसांनी चाकात ग्रीस. पाऊस लागायच्या आत एकदा करून पाहा, माझ्या समाधानासाठी तरी.

लियाकतभाईंनी ट्रॉली पाहून फक्त मान हलवली. कशासाठी हलवली ते मी विचारलं नाही. जीव लावून काम केलं आहे, गोड मानून घे.

तुझा,
प्रफुल


कोसमटोला,
११ जुलै

चि. प्रफुल यास आईचे आशीर्वाद. वि. वि. पाणी उतरलं आहे, एक मास्तर पल्याड चालले आहेत, त्यांच्याजवळ हे देते.

आधी ताईचं. वरचा आकडा एकशे चाळीस आहे. जावईबापूंनी माझ्यासमोर मोजला. तालुक्याच्या डॉक्टरकडे जाऊन आली, गोळ्या घेते. त्यांनी सांगितलं आहे की डोकं दुखलं, डोळ्यांपुढं चमकलं, की त्याच घटकेला निघायचं. मी म्हटलं आत्ताच निघू. तर म्हणते सोमारी मोकळी झाली की निघते. दोघी दिवसभर एकमेकींच्या पोटाकडे बघत बसतात. मी दोघींनाही जेवायला वाढते.

आता तुझ्या ट्रॉलीचं. परवा करून पाहिलं. अर्धं गाव जमलं होतं. नाव दगडांवरून इतकी नीट गेली की मला तुझा अभिमान वाटला. हेले पाण्यात गेले, ट्रॉली बुडाली, नाव वर आली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग दोन्ही हेले खाली बसले.

बसले म्हणजे मान तेवढी वर ठेवून पाण्यात लोळायलाच लागले. जू खांद्यावर, मागं ट्रॉली, आणि त्यांनी डोळे मिटले. नाव तर सुटली होती, पण परत चढवणार कशावर? शेपटी पिळली, काठी मारली, काही नाही. दीड तासानं स्वतःच्या मर्जीनं उठले. मी मुखरूभाऊंना विचारलं की हे तुम्ही सभेत काऊन नाही सांगितलं. त्यांना माझा प्रश्नच कळेना. ते म्हणाले, "हेला पाण्यात नाई बसन त का झाडावर चढन, बाई?" गावात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. म्हणूनच कोणाला सांगावंसं वाटलं नाही. तुझ्या ताईनं उभ्या आयुष्यात हेले पाहिले, तिलाही सुचलं नाही.

त्या दिवशी ऊन होतं, नदी शांत होती, म्हणून सगळे हसले. मी हसले नाही. पूर चढत असताना, नाव तरंगायच्या आधीच बसले तर? तुझ्या रबरावरून ती हलत नाही, मी स्वतः रेटून पाहिलं. ताईही हसली नाही, हे मी पाहिलं.

काहीतरी कर. लवकर कर.

तुझी,
आई


माजरी,
१८ जुलै

ती. आईस शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून मी तसाच वर्कशॉपात गेलो आणि लियाकतभाईंना वाचून दाखवलं. ते रागावले नाहीत. त्यांनी स्वतः भट्टीजवळ उभं राहून माझ्याबरोबर काम केलं, हे मला जास्त लागलं.

आई, चूक माझी आहे. नाव फुटू नये एवढंच मी पाहत होतो. ताईनं हेल्यांचं लिहिलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, कारण मला फळ्याच करायच्या होत्या. तिनं दिलेलं कारण मी तपासलं नाही.

सहा रोलर पाठवत आहे, चौकटीसकट. एसटीच्या टपावर टाकले आहेत, ड्रायव्हर पल्याडच्या चहाच्या टपरीवर उतरवील. फळ्या काढायच्या नाहीत. ट्रॉलीच्या मागच्या टोकाला चौकट बोल्टनं बसवायची, कागदावर भोकांची मापं दिली आहेत. शेपटाकडून नाव थोडी उचलून रोलरवर टेकवली की तीन माणसांनी ढकलता येईल. हेल्यांना पाण्याला पायही लावू देऊ नका.

मी येतो म्हटलं तर रपटा बंद. ताईला सांग, प्रफुल रोज जेवतो. खरं नाही, पण सांग. सांभाळून राहा, मला तुम्हा दोघींशिवाय कोणी नाही.

तुझा,
प्रफुल


कोसमटोला,
१ ऑगस्ट

चि. प्रफुल यास आशीर्वाद. हे पत्र कधी जाईल माहीत नाही. नदी चढली आहे, फोन बंद आहेत. पण लिहिल्याशिवाय मला बसवत नाही.

तुझे रोलर वीस तारखेला पल्याडच्या टपरीवर उतरले. टपरीवाल्यानं काठावरून ओरडून सांगितलं. रपटा पाण्याखालीच होता. नावेनं आणायचे तर नाव उतरवायला पुन्हा तेच हेले. म्हणून पाणी उतरायची वाट पाहू असं ठरलं.

काल सकाळी ताईनं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली की डोळ्यांपुढं काजवे चमकत आहेत. डोकं दोन दिवसांपासून दुखत होतं, ते तिनं मला सांगितलं नव्हतं. आकडा एकशे सत्तर. तिचा चेहरा असा झाला, जणू दुसऱ्याच कोणा बाईचा आकडा पाहते आहे. मग तिनं स्वतःच इंजेक्शन काढून दिलं आणि जावईबापूंना कसं टोचायचं ते सांगितलं. जागा तिनं बोट ठेवून दाखवली.

दुपारी पाऊस थांबला, पाणी थोडं दबलं. मुखरूभाऊ म्हणाले, जायचं तर आत्ता, संध्याकाळी वरून पुन्हा लोंढा येईल. हेले जुंपले. ते काठाच्या संथ पाण्यात गेले आणि गुडघाभर पाण्यातच बसले. नाव फळ्यांवर तशीच, निम्मी कोरडी. मी, जावईबापू आणि मुखरूभाऊ, तिघांनी रेटली. हलेना. प्रफुल, तुझं काम फार पक्कं आहे रे. मी त्या रबराला हातानं ओरबाडत होते. ताई काठावर दगडावर बसली होती, डोळे मिटून.

तेवढ्यात सोमारी दिसेनाशी झाली. नववा महिना भरलेली बाई, ती बांधावरून चालत रोवणीकडे गेली होती. इथं लावणीला वाकलेल्या बाईला कोणी हाक मारत नाही. धरलेली बांधी पुरी केल्याशिवाय बाया बाहेर येत नाहीत, अशी रीतच आहे. म्हणून माणसं मोजताना त्यांना कोणी मोजलंच नव्हतं. सोमारी बांधावर उभी राहिली आणि म्हणाली, "नर्सबाईले न्या वं बायांनो. बांधी राहू द्या."

चौदा बाया आल्या. हातात रोपांच्या जुड्या तशाच. त्या काठावर टाकल्या. सात इकडून, सात तिकडून, आणि नाव फळ्यांवरून वर उचलली. रेटली नाही, उचलली. लेकरू उचलावं तशी उचलून कमरेएवढ्या पाण्यात नेऊन ठेवली. महिनाभर आपण रोलर की फळ्या करत होतो.

नावेत ताई, जावईबापू आणि वल्ह्यावर मुखरूभाऊ. मी चढायला गेले तर ताईनं माझा हात धरला आणि सोमारीकडे पाहिलं. मी पाय मागं घेतला. प्रफुल, मी माझ्या लेकीला सोडून काठावर राहिले. नाव मधल्या धारेला फिरली, तिरपी झाली, मग पल्याडच्या झाडांआड गेली. पुढचं मला काही माहीत नाही. संध्याकाळपासून नदी अशी आहे की पल्याडचं झाडही दिसत नाही.

हेले अंधार पडताना आपणहून उठले. मी त्यांना चारा टाकला.

देवाजवळ बस जरा.

आई


जिल्ह्याचा दवाखाना,
४ ऑगस्ट

ती. आईस सा. न. मी जिवंत आहे आणि तुला नात झाली आहे. दोन तारखेला पहाटे ऑपरेशन करून काढली. पावणेदोन किलोची आहे, काचेच्या पेटीत ठेवली आहे. रडते, हातपाय हलवते. डॉक्टर म्हणतात होईल सगळं ठीक. प्रफुल बाहेरच्या बाकावर झोपतो आणि मला काही होत नाही ना हे दर तासाला सिस्टरना विचारून येतो.

पल्याड उतरल्यावर नाव लोंढ्यापासून वर ओढायला माणसं नव्हती. तुझ्या जावयांनी आणि टपरीवाल्यानं प्रफुलचे रोलर चौकटीतून सोडवून जमिनीवर मांडले आणि त्यावरून नाव रस्त्यापर्यंत आणली. प्रफुलला सांगितलं तर तो रडायला लागला. मुखरूभाऊ नावेजवळ थांबले आहेत, पाणी उतरलं की पहिल्या खेपेला हे पत्र आणतील.

आई, मी तुला खोटं लिहिलं. जूनपासून आकडा ठीक नव्हता. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी तिला फार बोलले असते.

आता सोमारीचं नीट वाच. अंजनाबाईंना बोलाव, त्यांनी जुन्या काळी बाळंतपणं केली आहेत, पण पोट दाबू देऊ नकोस. हात साबणानं धू, कोपरापर्यंत. कपाटात खालच्या खणात हिरवी पिशवी आहे, त्यात नवं ब्लेड, धागा, हातमोजे. बाळ आलं की आधी कोरडं पूस आणि सोमारीच्या छातीवर उघडंच ठेव, वरून पांघरूण. अंघोळ घालू नकोस. नाळ ठोके थांबेपर्यंत कापू नकोस. वार ओढू नकोस, आपोआप पडू दे. तासाच्या आत पाजायला लाव. दोन कपडे भिजतील इतकं रक्त गेलं तर पिशवीतल्या पांढऱ्या गोळ्या, तीन, एकदम. बाळ रडलं नाही तर पाठ चोळ, जोरात चोळ, घाबरू नकोस.

घाबरू नकोस हे मी तुला लिहिते आहे आणि घाबरले मीच आहे. मी तुला तिथं का ठेवलं?

तुझी,
रंजीता


कोसमटोला,
९ ऑगस्ट

चि. सौ. रंजीता हिस आणि माझ्या न पाहिलेल्या नातीस आईचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र काल संध्याकाळी मुखरूभाऊंनी हातात दिलं. सोमारीचं पोरगं तेव्हा तीन दिवसांचं झालं होतं.

तू जिवंत आहेस ही ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. मग चुलीपुढं बसून पुढचं वाचलं. प्रत्येक ओळीला थांबले आणि आठवून पाहिलं, हे मी केलं का. हात धुतले होते. कोरडं पुसलं होतं. पोट मी अंजनाबाईंना दाबू दिलं नाही, भांडण झालं, पण नाही दिलं. हिरवी पिशवी सोमारीनंच काढून दिली, तिला तुझ्या कपाटाचे सगळे खण माहीत आहेत. नाळेचं मला माहीत नव्हतं. पण माझे हात इतके कापत होते की धागा सापडेपर्यंत ठोके थांबले होते. पोरगं रडलं नाही, रंजीता. मी पाठ चोळली, आणखी चोळली, आणि तुझं नाव घेत होते, देवाचं नाही. मग रडलं. हे सगळं मी तुझं पत्र येण्याआधी केलं, म्हणून आता वाचताना घाम फुटला.

अंघोळ मात्र मी घातली. कोमट पाण्यानं, दुसऱ्या दिवशी. ते माफ कर.

आज नदी उतरली आहे. उद्या सकाळी मुखरूभाऊ नाव नेतील, हे पत्र घेऊन. रोलर काल नावेतून आले, ते आज सकाळी बसवले, आम्ही तिघी बायांनी नाव ढकलून पाहिली, जाते. पेटी भरून ठेवली होती. नातीची दुपटी वर ठेवली होती.

दुपारी दिव्यानी आली. तुला माहीत आहे, दुसरी, वीस तारखेची. पायरीवर बसली, पाणी प्यायली, इकडचं तिकडचं बोलली. निघताना विचारलं, "उद्या जाऊन राह्यल्या का मावशी तुमी?" मी हो म्हटलं. ती बरं म्हणाली आणि चालायला लागली. फाटकापर्यंत गेली तेव्हा मी तिच्या पायांकडे पाहिलं. नवऱ्याच्या चपला होत्या.

मी तिला परत बोलावलं आणि तुझं मशीन काढलं. एकशे बेचाळीस. जावईबापूंनी दाखवलं होतं तसं मोजलं, दोनदा मोजलं.

रंजीता, जून महिन्यात मी तुला काय काय बोलले ते मला आठवतं आहे. उद्या मी येत नाही. उद्याच्या नावेत दिव्यानीला घेऊन तालुक्याच्या डॉक्टरकडे जाते, दाखवते, आणि संध्याकाळी तिच्याबरोबर परत इथंच येते. तुझ्या लेकीला काचेच्या पेटीतून बाहेर काढतील तेव्हा तिची आजी जवळ नसेल. तिला कारण तू सांग, तुला ते माझ्यापेक्षा चांगलं सांगता येईल.

तुझी,
आई